काचघरातलं फळ

एकाच घोसातल्या दोन फळांपैकी एक गायब होतं. माळी काचघरात झाडासमोर उभा होता.

समुद्रापारहून साठ रोपं आली होती. निम्मी जहाजावरच वाळली, बाकीची इथल्या उन्हानं करपली. हे एक जगलं, तेही त्यानं सात वर्षं तळहातावरच्या फोडासारखं जपलं म्हणून. रोपांबरोबर एक कागद आला होता. पिकलेलं फळ अमृत, पण कच्चं खाणारा दुसऱ्या दिवसाचा सूर्य बघत नाही, असं त्यावर लिहिलं होतं. पिकलेलं ओळखायचं कसं, ते पुढच्या ओळीत असणार. ती ओळ खाऱ्या पाण्यानं धुऊन गेली होती.

उद्या सकाळी मोठे पाहुणे येणार होते. फळ चांगलं निघालं तर गावोगाव त्याची लागवड करायची होती. "चव तूच घ्यायची," बागेच्या साहेबांनी काल त्याला बजावलं होतं. "सात वर्षं वाढवलंस. पिकलंय की नाही, तुझ्याशिवाय कोण सांगणार?" नाही म्हणायची सोय नव्हती. घरी त्यानं याबद्दल चकार शब्द काढला नाही. बायकोचे दिवस भरत आले होते, ती माहेरी होती. थोरल्या बहिणीच्या, अक्काच्या जिवाला कशाला घोर?

काचघराचं कुलूप शाबूत होतं. किल्ली एकच, रात्रभर त्याच्या घरात खिळ्याला टांगलेली असायची. हे लक्षात आलं तसा तो घराकडे पळत सुटला.

फळाची साल चुलीपाशी पडली होती. अक्का भांडी घासत होती. त्यानं विचारलं, तर तिनं मान वर न करता कबूल केलं. फळ बघून राहवलं नाही, म्हणाली.

त्यानं घाईघाईनं मिठाचं पाणी केलं, ओकून टाक म्हणून तिच्या हातात तांब्या दिला. अक्कानं तो शांतपणे मोरीत ओतला. दवाखान्यात चल म्हटलं, तर घरात कामं पडलीत म्हणाली. तो रागावला, मग हात जोडले, मग रडला. ती भांडी पालथी घालत राहिली. हिला जगायचंच नाही, अशी शंका त्याला चाटून गेली.

दिवसभर त्यानं तिच्यावरची नजर हलवली नाही. दुपारी तिनं पोटावर हात नेला, तसा तो धडपडत उठला. ती पदर खोचत होती. तिन्हीसांजेला ती थकले म्हणून आडवी झाली. तो भिंतीला टेकून तिचा श्वास ऐकत बसला. कधी डोळा लागला, कळलं नाही.

जाग आली तेव्हा ऊन उंबरठा ओलांडून आत आलं होतं. अक्का भिंतीकडे तोंड करून निजली होती. सूर्य उगवल्यावर अक्का अंथरुणात, हे त्यानं जन्मात पाहिलं नव्हतं. त्यानं हाक मारली. ती हलली नाही. हात पुढे करायचा धीर त्याला होईना. शेवटी त्यानं डोळे मिटून तिच्या खांद्याला हात लावला.

खांदा ऊबदार होता.

अक्का कुशीवर वळली. बराच वेळ त्या उन्हाकडे बघत राहिली. मग उठून बसली आणि आई गेल्यानंतर पहिल्यांदाच त्याच्यासमोर ढसाढसा रडली.

"साहेबांची स्वयंपाकीण परवाच सगळं सांगून गेली होती मला," डोळे पुसत ती म्हणाली. "ऊठ, तोंड धू. पाहुण्यांसमोर बिनघोर खा."