रिकामे हात

"अकरा झाले. बाराव्याचं नंतर पाहू," तोताराम नाना म्हणाले आणि बशीतला चहा फुर्रकन ओढून मोकळे झाले.

जळगावच्या मैदानावर सकाळपासून सत्याऐंशी सालच्या जिल्हा बास्केटबॉल संघाची निवड चालली होती. निवडणारे नाना एकटेच. सारी हयात त्यांनी शिट्टी वाजवण्यात घालवली होती. स्वतः कधी बॉल जाळीत टाकल्याचं मात्र कोणालाच आठवत नव्हतं.

निवडलेल्यांत पहिलं नाव अभिमनचं. पण गड्याच्या तोंडावर आनंद म्हणून नाही! चोपड्याहून त्याच्यासोबत एसटीनं आलेला पुना अजून भिंतीशी उकिडवा बसला होता, आणि पुना मागे राहिला तर आपलं काय होणार हे अभिमनला पुरतं ठाऊक होतं. चोपड्यात लोक त्याला खांद्यावर घेऊन नाचायचे, ते पुनाच्या जिवावर. पुनाचा बॉल असा यायचा की नुसते हात वर केले तरी पुरे. नागपूरच्या स्पर्धेला पुनाशिवाय गेलो तर पहिल्याच सामन्यात सोंग उघडं पडेल, या धास्तीनं त्याला सकाळपासून घोटभर पाणीही गोड लागलं नव्हतं.

"नाना, बारावा पुनाला घ्या ना."

"त्यानं टाकले किती आज?"

"टाकले नाहीत. पण माझे सगळे त्यानंच दिलेले."

"हे पाहा भो," नानांनी बशी खाली ठेवली. "वरातीत नाचणारे पन्नास असतात, घोड्यावर एकच बसतो. ज्याच्या हातून बॉल जाळीत जातो तो खेळाडू. बाकीचे हमाल."

पुनानं ते ऐकलं. त्याला राग आला नाही, कारण हमालच तर होता तो. केळीचे घड ट्रकमध्ये भरताना माणसं रांगेनं उभी राहतात, त्या रांगेतला. मागून घड आला की पुढे ज्याचे हात रिकामे त्याच्या हातात द्यायचा, अलगद, केळीला डाग न लागता. घड हातात धरून बसला तर रांग तुंबते आणि मुकादम सात पिढ्यांचा उद्धार करतो. बास्केटबॉलही पुना तसाच खेळायचा. जाळीला हात नसतात, मग तिच्याकडे तो कशाला पाहील!

"एकदा पाहा तरी त्याला. पाया पडतो नाना." अभिमन खरोखरच वाकला.

"ऊठ ऊठ. पुना, इकडे ये रे. तुझ्यासमोर कोणी नाही. एकच टाकून दाखव, घेतला तुला."

अभिमन टुणकन उडी मारून रिंगखाली जाऊन उभा राहिला.

"तू कुठे निघाला? बाहेर हो!" नाना ओरडले. "आणि सगळ्यांनी हात मागे घ्या. हा बाबा कोणाच्याही हातात देईल."

अकराच्या अकरा जण रेषेबाहेर हात मागे बांधून उभे राहिले, शाळेत शिक्षा झाल्यासारखे. जवळून पाहावं म्हणून नाना खुर्ची सोडून रिंगपाशी आले.

पुना निघाला. बॉल टपटप वाजवत झकास आला, थेट जाळीखाली. आणि थांबला.

टाक ना बाप्पा, टाक, अभिमन मनातल्या मनात देव पाण्यात घालत होता. पुनानं डावीकडे पाहिलं. हात नाहीत. उजवीकडे पाहिलं. तिकडेही नाहीत. मागे बहुतेक मुकादम आला असावा, असा त्याचा चेहरा झाला.

"अरे, वाट कोणाची पाहतो रे!" वैतागून नानांनी दोन्ही हात वर केले.

दोन हात. रिकामे.

बॉल केव्हा सुटला ते कोणाला दिसलंच नाही. तो नानांच्या पंजात अलगद येऊन बसला. नानांनी शिवी द्यायला तोंड उघडलं होतं, ते तसंच राहिलं आणि हात आपोआप पुढे गेले. बॉल रिंगवर एक गिरकी घेऊन जाळीतून खाली पडला.

मग हात मागे ठेवायचे हे विसरून अकरा जणांनी टाळ्या पिटल्या.

"मी काय करू नाना," पुना कसंनुसं हसला. "तुमनाच हात रिकामा व्हतात."

नाना बराच वेळ आपल्या तळव्यांकडे पाहत राहिले. साठी उलटल्यावर त्यांना काहीतरी झालं होतं, आणि ते त्यांना भलतंच आवडलं होतं.

"घेतला," ते म्हणाले. "पुना बारावा."

सुटलो बुवा! अभिमनचा जीव भांड्यात पडला. तो धावत गेला आणि सवयीनं रिंगच्या डाव्या अंगाला, आपल्या नेहमीच्या जागी उभा राहिला.

नाना तोवर सदऱ्याच्या बाह्या वर सारत तिथेच आले होते.

"दे रे पुना, अजून एक दे," त्यांनी दोन्ही हात वर केले. "अन् अभिमन, तू सरक जरा बाजूला. तुझं नंतर पाहू."