गल्ल्यावरची बाई

“शर्ट काढा,” कातडीच्या डॉक्टर म्हणाल्या.

बेकरीवाला ढिम्म हलला नाही. हातावर चार फोड आले म्हणून कुणी डॉक्टरकडे जातं, हेच मुळात त्याला पटलं नव्हतं. शेवटी बायकोनेच पुढे होऊन त्याची बटणं सोडली. “यांचं काही ऐकू नका,” ती म्हणाली. “तुम्ही नीट बघा.” आठ दिवस तिच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता.

खरं तर बेकरीत फोडांचं कुणाला काय नवल? भट्टीवरचे तिघे सकाळच्या चहाला हात पुढे करून कुणाचा फोड मोठा ते दाखवायचे. ज्याचा मोठा, त्याला पहिला कप. हा मान भट्टीवाल्यांचा. गल्ल्यावर बसणारीच्या वाट्याला फक्त बडबड. गेले दोन महिने तिचं तोंड आलं होतं, पाव दुधात भिजवून गिळावा लागत होता, तर नवरा म्हणायचा, “गिऱ्हाइकांशी एवढं बोलल्यावर दुसरं काय होणार?” तीही हसायची. डोळे चुरचुरले की मैद्याला शिव्या घालायची.

मग नणंदेचा फोन आला. नणंद मोठ्या इस्पितळात नर्स. इकडचं तिकडचं बोलता बोलता तिने एका पेशंटचं सांगितलं. त्या माणसाच्या अंगावर काही कारण नसताना फोड उठायचे. घरचे महिनोन्महिने मलमं चोपडत बसले, आणि शेवटी निघाली पोटात कॅन्सरची गाठ. शरीर त्या गाठीशी लढायला उठतं आणि चुकून आपल्याच कातडीवर तुटून पडतं, असा काहीतरी तो प्रकार. बहुतेक वेळा सुरुवात तोंडातून होते म्हणे. “फार क्वचित होतं हे, वहिनी,” नणंद म्हणाली, “पण झालं तर अंगावर काढू नये.”

वहिनीने फोन ठेवला तेव्हा नवरा समोरच उभा होता, बाह्या दुमडून. दोन्ही हातांवर फोड.

तेव्हापासून तिने त्याचा जीव नकोसा केला. रोज सकाळी टॉर्च घेऊन समोर उभी. “आ करा.” “अगं, मी काय घोडा आहे दात मोजायला?” तो करवादायचा, पण तोंड उघडायचा. आत काही दिसायचं नाही. तरी तिचं मन खायचंच. बावीस वर्षं ती या माणसावर चिडत आली होती. हा गेला तर आपण चिडायचं कुणावर, या विचाराने ती गल्ल्यावर बसल्या बसल्या रडायची आणि गिऱ्हाईक आलं की नाक पुसून ब्रेड कापायला घ्यायची. आज तिने दुकानाला कुलूप लावलं आणि त्याला अक्षरशः ओढत इथे आणलं.

डॉक्टरांनी भिंग घेतलं. एकेक फोड दाबून पाहिला. “हा कशाने?”

“पत्र्याने.”

“आणि हा?”

“भट्टीच्या दाराने. रविवारी.” प्रत्येक फोडाचा वार त्याला पाठ होता. डॉक्टरांनी त्याचं तोंड तपासलं, पाठ, पोट, मांड्या, सगळं तपासलं. मग भिंग खाली ठेवलं.

“हे सगळे भाजल्याचेच आहेत. यांना काहीही झालेलं नाही. काम करताना लांब बाह्यांचं काहीतरी घालत जा, बस्स.”

“सांगत होतो ना,” बेकरीवाला बटणं लावत म्हणाला. “माझे आठ दिवस वाया घालवले हिने.”

बायकोला रडूच फुटलं. आठ दिवसांचं साठलेलं होतं, ते आवरेना. ती हसत होती, रडत होती आणि तळहाताने डोळे पुसत होती. डोळे पुसताना तिची बाही कोपरापर्यंत मागे सरकली.

डॉक्टर तिच्या हाताकडे बघत राहिल्या. मग ओठांकडे. ओठांवर रक्ताची सुकलेली खपली होती.

“ओठांना काय झालंय?”

“उष्णता,” ती म्हणाली. “माझं जाऊ द्या हो.”

“आ करा बघू.”

“आता तुझी पाळी,” नवरा खूश होऊन म्हणाला.

तिने आ केला. टॉर्चचा उजेड तोंडात पडला आणि तिथेच थांबला, बराच वेळ. डॉक्टरांनी हातमोजे बदलले, तिचे लाल डोळे पाहिले, तिची बाही आणखी वर केली. मनगटापासून वरपर्यंत पाच-सहा फोड होते. दोन फुटलेले.

“हे कधीपासून?”

“झाले असतील पंधरा दिवस. ट्रे लागला असेल कुठला तरी. बेकरीत चालायचंच.”

“ही कुठली ट्रे उचलतेय?” नवरा हसत म्हणाला. “सकाळी गल्ल्यावर बसते ती संध्याकाळीच...” पुढचं वाक्य त्याच्या तोंडातच राहिलं. त्याने बायकोच्या हाताकडे पाहिलं. आज पहिल्यांदाच पाहिलं.

डॉक्टर कागदावर लिहायला लागल्या होत्या. “एका फोडाचा तुकडा काढून तपासायला पाठवू. तपासल्याशिवाय मी काही नाव देणार नाही. पण छातीचा आणि पोटाचा स्कॅन आजच्या आज करून घ्या.”

बायकोने कागदाकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. काहीतरी घोटाळा होतोय, असंच तिला वाटलं.

“मला कशाला स्कॅन?” ती म्हणाली. “डॉक्टर, मी तर भट्टीच्या जवळसुद्धा जात नाही.”

“म्हणूनच,” डॉक्टर म्हणाल्या.