खास खोलीची किल्ली

डिस्लेक्सिया असलेल्या मुलांसाठी शाळेत एक खास खोली होती आणि तिला कायम कुलूप. शाळेची शिपाई मावशी दोन वर्षं हेडसरांच्या मागे लागली होती. तिची पोरगी सातवीत पोचली तरी तिला वाचता येत नव्हतं, वर्गात ‘ठोंबी’ हेच तिचं नाव पडलं होतं. मावशीने विचारलं की हेडसरांचं ठरलेलं उत्तर यायचं, “किल्ली सापडत नाहीये, मावशी.”

आज तपासणीचे साहेब येणार म्हटल्यावर किल्ली हेडसरांच्या खिशातूनच निघाली आणि खोली उघडायला त्यांनी ती मावशीच्या हातात दिली.

“खुर्च्यांवरचं प्लास्टिक फाडू नका हं, नीट काढा. उद्या परत चढवायचंय. आणि तुमची पोरगी बसवा फोटोला.”

पोरीच्या कानाला हेडफोन लागले. कानात कुणीतरी गोष्ट वाचत होतं आणि समोरच्या पुस्तकात तिचं बोट ओळीओळीवरून सरकत होतं. पान तिने स्वतःहून उलटलं. मावशी फडकं हातात धरून बघतच राहिली.

फोटो निघाला, साहेब चहाला गेले. हेडसरांनी पोरीच्या कानावरचे हेडफोन ओढून काढले.

“सर, दोनच पानं राहिलीत.”

“राहिलेलं घरी वाच. मावशी, कुलूप लावा आणि किल्ली द्या इकडे.”

मावशीने त्यांच्या हातातून हेडफोन घेतले आणि पोरीच्या कानाला परत लावले. दुसऱ्या हाताची मूठ तिने इतकी आवळली, की किल्लीचे दाते तळव्यात रुतले.

“किल्ली सापडत नाहीये, सर.”