बोटांनी बसेल तेवढाच

पेंढारकर सरांनी तीस वर्षं मेकॅनिकल शिकवलं होतं, त्यामुळे पाना हातात धरायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती. निवृत्तीनंतर वडिलांच्या जुन्या मोटारीचं इंजिन त्यांनी स्वतःच खोललं. हेड उतरलं. ब्लॉकमध्ये गंजून बसलेले दहा स्टड, म्हणजे वरच्या नटांनी हेड आवळून धरणारे दोन्ही टोकांना आटे असलेले बोल्ट, काढायचे होते. पहिल्याला सरांनी सिद्धांतानुसार जोर लावला आणि तो सिद्धांतानुसारच तुटला.

मग यासीन मिस्त्रीला बोलवावं लागलं. हा त्यांचाच विद्यार्थी, डिप्लोमा अर्धवट राहिलेला. त्यानं तुटक्या स्टडवर नट वेल्ड केला, निवू दिला आणि हलक्या हातानं फिरवून बाहेर काढला. उरलेले नऊही निघाले.

नवे स्टड बसवायला सर पाना घेऊन सरसावले.

"पाना नको, सर. स्टड बोटांनी बसेल तेवढाच बसवायचा. आवळायचा तो वरचा नट."

"हे पुस्तकात आहे," सर पुटपुटले. "मी दरवर्षी शिकवायचो."

"असेल की. तेव्हा मी गॅरेजात असायचो. हजेरी भरली नाही म्हणून तुम्हीच परीक्षेला बसू दिलं नाहीत."

सरांनी पाना खाली ठेवला.

"दे पहिला," ते म्हणाले, "आणि मी चुकलो तर सांग."