तट्टू घेण्याआधी

“आधी मुलगी दाखवा, मग तट्टू दाखवते,” तट्टूवाली म्हणाली. फाटकाच्या कडीवरचा हात तिने काढला नाही.

फाटकाबाहेर नवरा-बायको उभे होते. दोघंही पन्नाशीच्या आतबाहेरची. तो लिफ्ट दुरुस्तीची कामं करायचा. घासघासून धुतले तरी हातांच्या नखांत ग्रीस उरलंच होतं. बायकोने ठेवणीतल्या चपला घातल्या होत्या आणि त्या चिखलात रुतत होत्या. बरोबर मूल नव्हतं.

“नाही आली ती,” नवरा म्हणाला.

तट्टूवालीने कपाळाला आठ्या घातल्या. वाढदिवसाला दारात अचानक तट्टू आणून उभं करणारे आईबाप तिने खूप पाहिले होते. पोरं चार दिवस नाचतात. लीद उचलायची वेळ आली की तट्टू डोळ्यांसमोर नको होतं. मग हिला फोन येतो, घेऊन जा म्हणून. पण ही दोघं लांबून आली होती. तिने कडी काढली.

तट्टू करड्या रंगाचं होतं. चार वर्षांचं, माणसाच्या कमरेइतकं, आयाळ थेट डोळ्यांवर आलेली. नवरा समोरून गेला नाही. हळूहळू बोलत बाजूने गेला. त्याने खांद्यावर हात ठेवला, तो पायावरून अलगद खाली नेला, आणि तट्टूने आपणहून खूर उचलून त्याच्या हातात दिला.

“याआधी पाळलंय कधी?” तट्टूवालीने विचारलं.

“नाही. मुलगी तट्टूंची पुस्तकं वाचून दाखवायची, मी ऐकायचो.”

“मग सांगा, खायला काय घालाल?”

“सुकं गवत. हिरव्या कुरणात मोकळं सोडायचं नाही. पोटभर हिरवं खाल्लं की खुरांना सूज येते, पाय टेकवत नाही.”

“बरोबर. तट्टू उपासाने मरत नाही, लाडाने मरतं.”

बायकोने मान दुसरीकडे वळवली.

“खूर वेळच्या वेळी तासून घ्यायचे,” तट्टूवाली आता मोकळेपणाने सांगू लागली. “आणि एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. एकटं ठेवायचं नाही. एकटं तट्टू झुरतं. जोडीला दुसरं हवंच. तट्टू नाही, तर निदान गाढव तरी.”

“गाढव आहे आमच्या घरी,” बायको नवऱ्याकडे बघत म्हणाली.

तट्टूवालीला हसू आवरेना. नवरा मात्र बायकोकडे बघतच राहिला. किती दिवसांनी ती त्याची चेष्टा करत होती!

“दोन घेऊ आम्ही,” तो म्हणाला. “याला सोबत होईल.”

तट्टूवालीचं मन वळलं होतं. भिंतीवर छोटी छोटी खोगिरं टांगलेली होती. तिने त्यांतलं एक उतरवलं आणि फुंकर मारून धूळ उडवली.

“मुलीचं वजन सांगा. मापाचं देते.”

नवऱ्याने बायकोकडे पाहिलं.

“खोगीर नको,” शेवटी बायको म्हणाली. “बसणार नाहीये कुणी.”

तट्टूवालीचा हात थांबला. वाचून दाखवायची, म्हणजे पूर्वी. तिने मनाशी हिशेब जुळवला. पोरगी मोठी झाली, शिकायला नाहीतर नोकरीला बाहेर पडली, आणि आता या दोघांना घर खायला उठतंय. असेही लोक तिने पाहिले होते. तिने खोगीर परत खुंटीला अडकवलं.

“ताई, स्पष्ट बोलते, राग मानू नका. पोरं घरटं सोडून जातात. माझीही गेली. पण घरात करमत नाही, म्हणून कुणी तट्टू घेऊ नये. हे दोन-चार वर्षांचं काम नाही. पंचवीस-तीस वर्षं जगतं हे. तुमचे केस पिकतील, गुडघे कुरकुरतील, दादांना पाण्याची बादली उचलवणार नाही, तरी हे आपलं दारात चारा मागत उभंच असेल. तुम्ही दोघं जाल आणि हे मागे राहील. याचा विचार केलाय?”

तट्टूने पुढे होऊन बायकोच्या बाहीला नाक लावलं. तिने त्याच्या डोळ्यांवरची आयाळ बाजूला सारली. आत दोन मोठे, काळेभोर डोळे होते.

“आमची मुलगी नऊ वर्षांची होती, मावशी,” ती म्हणाली. “आता आमच्या आधी जाणार नाही, असंच कुणीतरी हवंय घरात.”