मॅडमची पट्टी

"तुझ्या हातून चष्म्यातला म्हातारासुद्धा वाचायचा नाही," मॅडम म्हणाल्या. नर्सिंगच्या विद्यार्थिनीने दातओठ खात व्हीआर चष्मा चढवला, कानांवर हेडफोन दाबले. समोर आभासी वॉर्ड उभा राहिला आणि खाटेवरच्या म्हाताऱ्याचं हृदय थांबलं. ती छाती दाबू लागली. हात चुकला की मॅडम पोटरीला लाकडी पट्टी टोचायच्या, गुरं हाकावीत तशी. आज पट्टी गप्प होती. 'कशी वाचा बसली!' ती पुटपुटली. तेवढ्यात घोट्याला पट्टी लागली. पुन्हा लागली, हळूच. 'सुखाने करू देईल तर शपथ!' तिने चिडून पट्टी लाथाडली. म्हातारा खोकला. हिरवी अक्षरं झळकली: रुग्ण वाचला. तिने चष्मा काढला. "बघा, वाचवला!" पायाशी मॅडम निपचित पडल्या होत्या, रिकामा हात तिच्याकडे लांबवलेला. ती त्यांची छाती दाबू लागली. हात चुकत होते. टोचायला कुणी नव्हतं.