सहा ग्रॅम

बशी काट्यावर ठेवली आणि आईचा जीव खालीवर झाला. रिकामी बशी दोनशे बारा ग्रॅमची, हे तिने झोपेतून उठवलं तरी सांगितलं असतं. काटा दाखवत होता दोनशे अठरा. म्हणजे सहा ग्रॅम लोणी आणि तेल अजून बशीतच होतं, पोरीच्या पोटात गेलंच नव्हतं.

बशी परत लेकीपुढे ठेवत ती हळूच म्हणाली, "भिंगरी, चाट ना गं."

सात वर्षांच्या भिंगरीने ओठ घट्ट मिटले आणि डोळ्यांनीच समोर दाखवलं. समोर आजोबा जेवत होते.

आजोबा, म्हणजे घरातल्या मोठ्यांचे अण्णा. तीस वर्षं त्यांनी मुलांचं वसतिगृह सांभाळलेलं. ताट चाटताना दिसलेला मुलगा त्या दिवशी जेवणघराबाहेर उभा राही. धुतलेली ताटं ते एकेक करून उजेडाकडे धरत, डागावर बोट ठेवत आणि एवढंच म्हणत, "कडेला राहिलंय." भिंगरीचा बापही त्या बाहेर उभ्या राहणाऱ्यांतलाच. आता चाळिशीला आला होता, गॅरेजात बसची आख्खी इंजिनं उतरवत होता, पण वडील पाहुणे म्हणून आले की त्याच्या चमच्याचा आवाज येत नसे.

आणि आज नेमका अकरावा दिवस.

अकरा दिवस, फिटचा एकही झटका नाही. त्याआधी दिवसातून वीस-पंचवीस वेळा भिंगरी बोलता बोलता बंद पडायची. डोळे उघडे, घास हातात, आणि पोर भलतीकडेच. मग परत यायची आणि विचारायची, "मी काय सांगत होते?" तीन औषधं झाली, तिन्ही हरली. तेव्हा दवाखान्यातल्या आहाराच्या बाईंनी साखर, पाव, बटाटा सगळं बंद करून हे तोलूनमापून खाणं लिहून दिलं. मेंदू साखरेच्या जळणावर चालतो, आपण त्याला चरबीचं जळण देऊन पाहू, असं त्या म्हणाल्या होत्या. सगळ्यांना लागू पडत नाही; पण पडायचं असेल, तर थेंबसुद्धा बशीत राहता कामा नये.

अकरा दिवसांची ही बातमी सकाळपासून आईच्या जिभेवर नाचत होती. अण्णांनी दारात पाय ठेवला तेव्हाच तिला सांगायचं होतं. पण बोलून दाखवलं आणि बाराव्या दिवशी मोडलं तर? तिने देवाचं नाव घेतलं होतं आणि गप्प बसली होती.

आजोबांनी नातीच्या बशीकडे पाहिलं.

"झालं जेवण? शाबास," ते म्हणाले आणि लेकाकडे वळले. "जेवून कसं उठावं, ते हिच्याकडून शीक."

भिंगरीचे कान लाल झाले. तिने बशी दूर सारली, खुर्चीवरून उतरली आणि शहाण्या मुलीसारखी बशी उचलून मोरीकडे निघाली. सहा ग्रॅम मोरीपासून चार पावलांवर आले, तीन पावलांवर आले.

आईने मधेच बशी धरली.

"अण्णा, तिला चाटू द्या."

आजोबांचा घास थांबला. भिंगरीच्या बापाने मिठाच्या बाटलीवरचं लेबल वाचायला घेतलं. आई मात्र आता थांबण्यातली नव्हती. जळण, काटा, बाई, सगळं तिने एका दमात सांगितलं. चमच्याने निघेल तेवढं निघतं, बाकीचं जिभेनेच निघतं, हेही सांगितलं. "आणि तुमच्यासमोर ती मेली तरी चाटणार नाही. अकरा दिवस झालेत, अण्णा. अकरा."

भिंगरीचा बाप खालमानेने पुटपुटला, "मी बाहेर जाऊन उभा राहू का?"

आजोबांनी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. ते नातीकडे बघत होते.

"सकाळी हिनं मला शाळेतल्या मांजराची गोष्ट सांगितली," ते म्हणाले. "कपाटात शिरलं तिथपासून बाईंच्या पिशवीतून निघालं तिथपर्यंत. एकदाही अडली नाही. मला वाटलं, मधे माझाच डोळा लागला असेल."

मग त्यांनी चमचा बाजूला ठेवला, सदऱ्याच्या बाह्या सारल्या आणि आपली बशी दोन्ही हातांनी उचलली. तिच्यात टोमॅटोचा रस्सा राहिला होता. या काठापासून त्या काठापर्यंत त्यांनी जीभ फिरवली. पांढऱ्या मिश्या लाल झाल्या.

भिंगरीचा बाप बघतच राहिला. त्याच्या हातातला चमचा खणकन बशीत पडला.

भिंगरी मात्र तोवर खुर्चीवर चढली होती. तिने आईच्या हातातून बशी ओढली आणि तिचं तोंड बशीआड गेलं. बराच वेळ बशीमागून नुसता आवाज येत राहिला. आईने बशी काट्यावर ठेवली. दोनशे बारा. तिने काटा शून्यावर आणून पुन्हा तोलली. दोनशे बाराच. तिला हसू आवरेना आणि डोळे पुसायला पदरही हाताशी सापडेना.

नाकाच्या शेंड्यावर लोणी तसंच ठेवून भिंगरीने हात पुढे केला आणि आजोबांची बशी मागितली. खिडकीच्या उजेडाकडे धरली. एक डोळा मिटून तिने ती सावकाश फिरवली, आणि एके ठिकाणी बोट ठेवलं.

"कडेला राहिलंय."